रिजेक्शनच्या दिवसांतली मार्गळी

गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त धास्ती कोणत्या फोनची असते. ‘तुमच्या पार्टमुळे लाइन थांबली आहे,’ असा ग्राहकाचा फोन. त्यानंतर कारणं, खुलासे, चौकशी हे सगळं मागाहून. आधी कुणीतरी मिळेल त्या विमानाने तिथे पोहोचायचं. आमचा कारखाना भोसरीला आणि हा ग्राहक चेन्नईच्या पलीकडे, श्रीपेरुंबुदूर-ओरगडम पट्ट्यात. मोटारी, ट्रक, मोटारसायकली यांचे मोठमोठे कारखाने आणि त्यांना माल पुरवणाऱ्या लहान कारखान्यांची रांगच्या रांग तिथे आहे. डिसेंबरच्या मध्यात फोन आला आणि त्या पार्टचं काम पहिल्यापासून मी पाहत असल्यामुळे निघायचंही मलाच होतं.

तक्रार सांगायला साधी होती. अ‍ॅल्युमिनियमच्या एका हाउसिंगमध्ये तेलासाठी दोन भोकं पाडलेली असतात आणि ती आत काटकोनात एकमेकांना मिळतात. ड्रिल एका भोकातून दुसऱ्यात शिरतं तेव्हा त्या कडेला धातूची बारीक कुस राहते. तिला आम्ही ‘बर’ म्हणतो. ती ब्रशने काढायची असते आणि काही नगांमध्ये ती राहून गेली होती. कुस केसाएवढी, पण सुटून तेलाबरोबर वाहत गेली की पुढे व्हॉल्व्हमध्ये अडकू शकते. त्यामुळे गोदामातला, वाटेतला, लाइनवर पोहोचलेला असा सगळाच माल संशयित ठरला. एकेक नग हातात घ्यायचा, भोकात टॉर्च मारायची, शंका आली तर बोअरस्कोपने पाहायचं आणि चांगला असेल तर ठरलेल्या जागी हिरवा ठिपका द्यायचा. असे हजारो नग.

हे काम किचकट, पण त्याचा मला त्रास नव्हता. त्रास बाकीच्या गोष्टींचा. सकाळच्या मीटिंगला पडद्यावर आमच्या कंपनीचं नाव लाल रंगात. थांबलेल्या लाइनचे पैसे मिनिटाच्या हिशेबाने लागतात, त्या डेबिट नोटेचा आकडा दर दिवशी नव्याने ऐकायचा. दुपारी भोसरीहून फोन, ‘आता किती निघाले?’ संध्याकाळी ग्राहकाकडून तोच प्रश्न वेगळ्या आवाजात. रात्री खोलीवर आल्यावर आठ टप्प्यांचा अहवाल लिहायचा, त्यात प्रत्येक उत्तरापुढे पुन्हा ‘का?’ विचारायचं आणि असं पाच वेळा खणत जायचं. डोळे मिटले तरी मला टॉर्चच्या उजेडात चमकणारी भोकंच दिसायची. घरी मुलाशी बोलतानाही अर्धं लक्ष मेलकडे.

असे दौरे मी यापूर्वी बरेच केले आहेत. मानेसर, होसूर, साणंद. परत आल्यावर कुणी विचारलं, ‘काय पाहिलंस गं?’ तर सांगण्यासारखं काहीच नसायचं. गेट, मीटिंगची खोली, हॉटेलची खोली. गावं वेगळी असली तरी हे सारखंच. या वेळी तसं झालं नाही आणि त्याचं श्रेय मी दोन गोष्टींना देते. एक म्हणजे कारखान्याजवळची हॉटेलं भरलेली होती, त्यामुळे मला तांबरमला, स्टेशनजवळच्या एका साध्या लॉजमध्ये खोली मिळाली. तांबरम हा जुना, माणसांनी गजबजलेला भाग. आणि दुसरं म्हणजे नेमका मार्गळी महिना लागला होता.

मार्गळी म्हणजे सूर्य धनू राशीत असतो तो महिना, डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंतचा. आपल्याकडे हाच धुंधुरमास. तमिळ माणसाच्या लेखी हा महिना पहाटेचा. लग्नंकार्यं या महिन्यात करत नाहीत. पहाट देवासाठी राखून ठेवलेली असते. आंडाळ या संतकवयित्रीने रचलेल्या ‘तिरुप्पावै’मध्ये तीस पदं आहेत, रोज एक या हिशेबाने ती महिनाभर म्हणतात. पहिल्या पहाटे मला जाग आली ती देवळाच्या कर्ण्यावरून येणाऱ्या त्या पदांनी. आधी वैताग आला. रात्री अहवाल लिहिता लिहिता एक वाजला होता. पण झोप परत येईना, आणि पडून राहिलं की डोक्यात नगांचे आकडे फिरायला लागतात हे मला ठाऊक होतं. म्हणून शाल गुंडाळून खाली उतरले.

गल्लीत अजून अंधार होता आणि जवळपास प्रत्येक दारासमोर एक बाई वाकून कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढत होती.

कोलम मी चित्रांत पाहिलेला होता. तो काढताना पाहणं ही निराळीच गोष्ट आहे. लॉजसमोरच्या घरातली बाई साठीच्या आसपासची असेल. आधी तिने अंगण झाडलं, शेणपाण्याचा सडा घातला. मग करवंटीतून पांढरी पूड चिमटीत घेऊन ठिपके द्यायला सुरुवात केली. ना पट्टी, ना दोरी, ना आपल्याकडे ठिपक्यांच्या रांगोळीला वापरतात तसा भोकं पाडलेला कागद. मधल्या ओळीत पंधरा ठिपके, वर आणि खाली दर ओळीला एक कमी, असं करत आठपर्यंत. प्रत्येक ठिपका वरच्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधोमध. मी दिवसभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात जगणारी बाई. ठिपक्यांमधली अंतरं डोळ्यांनी मोजत उभी राहिले आणि मला कुठे फरक सापडेना. मग तिने रेघ सुरू केली. ती रेघ ठिपक्याला स्पर्श करत नाही, त्याला वळसा घालून पुढच्याकडे जाते, मागे येते, स्वतःलाच ओलांडते आणि शेवटी जिथून निघाली तिथे येऊन मिळते. कमरेत वाकलेली ती बाई एकेक पाऊल मागे सरकत होती आणि बोटांतून पूड अशी सुटत होती की रेघेची जाडी कुठे बदलत नव्हती. एका कोपऱ्यात वळसा चुकला. तिने हाताच्या कडेने तेवढा भाग पुसला, पाण्याचा एक शिपका मारला आणि पुन्हा काढला. चेहऱ्यावर कुठलीही घाई नव्हती. शेवटी शेणाच्या छोट्याशा गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचून ते मधोमध ठेवलं.

मी ते पंचवीसेक मिनिटं पाहिलं असेल. तेवढ्या वेळात मला एकदाही डेबिट नोट आठवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी ठरवून त्या वेळी खाली उतरायला लागले. तिला हिंदी येत नव्हतं, मला तमिळ येत नव्हतं. ‘अक्का’ म्हणावं एवढं कळत होतं. ती ‘वांगम्मा’ म्हणून बाजूच्या पायरीकडे हात करायची. रोज आकृती वेगळी; कधी नागमोडी वळशांची, कधी कमळांची, एकदा सरळ मोर. डोक्यात कुठून येतात इतक्या आकृत्या, असं मी हातवारे करून विचारलं तेव्हा तिने आतून एक जीर्ण वही आणून दाखवली. पानोपानी पेनने काढलेले ठिपके आणि वळसे, काही पानांवर वेगळं अक्षर, बहुधा तिच्या आईचं. एका सकाळी तिने भोपळ्याचं फूल माझ्याच हातात दिलं आणि मध्याकडे बोट दाखवलं. रेघा न मोडता तिथवर पाय टाकत जाताना माझी जी तारांबळ उडाली ती पाहून शेजारच्या दोन-तीन अंगणांतल्या बायका हसत होत्या. मलाही मनापासून हसू आलं. त्या दौऱ्यातलं ते पहिलं हसू.

तिथून चार पावलांवर कॉफीचा गाडा होता. मी चहाची, अगदी कट्टर. पण पहाटेच्या त्या ओलसर गारव्यात भाजलेल्या कॉफीचा आणि चिकोरीचा वास आल्यावर चहा मागायचं सुचलंच नाही. पितळी फिल्टरमध्ये रात्रीच घालून ठेवलेल्या पुडीचं उतरलेलं डिकॉक्शन तळाला थोडंसं, त्यावर उकळतं दूध, साखर, आणि मग हातभर उंचीवरून एका पेल्यातून दुसऱ्यात धार. स्टीलचा पेला काठापर्यंत फेसाने भरून खोलगट डवऱ्यात ठेवून देतात. गरम असेल तर डवऱ्यात ओतून पुन्हा पेल्यात घ्यायची, आपल्याला सोसेल इतकी निवेपर्यंत. ही उलाढाल मला फार आवडली, कारण ती चालू असताना दोन्ही हात गुंतलेले असतात. फोन घेताच येत नाही.

गाड्याशेजारच्या खानावळीत साडेसहाला वेण पोंगल मिळायचा. तांदूळ आणि मुगाची डाळ मऊ शिजवलेली, वरून तुपात तळलेले अख्खे मिरे, जिरं, आलं, काजू, कढीपत्ता. पहिला घास घेतला आणि मला आमच्या आजीकडचा धुंधुरमास आठवला. सातारच्या घरात या महिन्यात एक दिवस तरी सूर्य उगवता उगवता जेवण व्हायचंच. मुगाच्या डाळीची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, गूळ, आणि मटार, गाजर, वांगी, ओले हरभरे, बोरं घातलेली लेकुरवाळी भाजी. आम्ही पोरं झोपेत पेंगत पाटावर बसायचो. आजी गेल्यापासून आमच्याकडे ते कुणी केलं नाही. नोकरी करणाऱ्या घरात सकाळी सातला जेवण कसं बसवायचं? आणि इथे, ज्या गावात मी फक्त बोलणी खायला आले होते तिथे, त्याच महिन्यात, त्याच वेळेला, तीच डाळ आणि तोच तांदूळ पानात पडला होता. मी खानावळवाल्याला हे सांगायचा प्रयत्न केला. त्याला एवढंच समजलं की मला पोंगल आवडला, आणि त्याने आणखी एक पळी वाढली.

बरोबर सात वाजता कंपनीची गाडी यायची आणि वालाजाबाद रस्त्याला लागायची. पुढचे बारा-तेरा तास माझे नसत. पत्र्याच्या शेडमध्ये टेबलं मांडून ओडिशाची पोरं माझ्याबरोबर माल तपासत बसायची. चांगली पोरं होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत टॉर्च मारत राहायची. त्यांचे डोळे दमले की नग सुटतात, म्हणून मी ठरावीक वेळाने सगळ्यांना उठवून बाहेर उजेडात उभं करत असे. कँटीनमध्ये दुपारी शेवटी दहीभात आणि त्यावर ताकात मुरवून वाळवलेली तळलेली मिरची मिळायची, आपल्या सांडगी मिरचीची बहीणच. त्या मिरचीची मी सकाळपासून वाट पाहायचे, हे अगदी खरं सांगते.

लोक सुचवायचे, ‘एवढ्या लांब आलाच आहात तर महाबलीपुरम करून या’, ‘कांचीपुरम अगदी जवळ आहे, साड्या घ्या.’ बोलणं प्रेमाचं होतं. पण महाबलीपुरमला जायला सबंध दिवस लागतो आणि त्याहीपेक्षा मोकळं डोकं लागतं. पल्लवांनी खडकात कोरलेली ती देवळं मी मनात लाइनचे आकडे घेऊन पाहिली असती तर तो त्या दगडांचा अपमान झाला असता. माझ्याजवळ होती ती दहा-वीस मिनिटं, इकडची तिकडची. तेवढ्यात बसेल असंच काहीतरी हवं होतं, आणि ते त्या गल्लीत भरपूर होतं.

संध्याकाळी गाडी स्टेशनपाशी सोडायची. तिथे टोपल्या घेऊन फुलवाल्या बसलेल्या असत. थंडीत मोगरा महाग. पण अबोली होती, चमेली होती, आणि जांभळट रंगाची कोरांटी, जिला तिथे सरळ ‘डिसेंबर पू’ म्हणजे डिसेंबरचं फूल म्हणतात. माळ मोजायची ती कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. विकणारीचा हात हेच माप. एक फुलवाली उंच, लांब हातांची होती आणि तिच्यापाशी गर्दी जास्त असायची. शेजारची ठेंगणी म्हातारी त्याची भरपाई म्हणून वर चार बोटं माळ जास्त द्यायची. मी म्हातारीकडून घ्यायचे. पुण्यात मी सणवार सोडून कधी गजरा माळलेला नाही. तिथे मात्र रोज रात्री माळ उशाशी ठेवून अहवाल लिहायचे आणि सकाळी पाणी शिंपडून तीच केसांत माळायचे.

कारखान्याच्या गेटवर बायकांची झडती घेणारी एक सिक्युरिटीवाली होती. रोज मख्ख चेहऱ्याने बॅग उघडायला लावायची, लॅपटॉपचा नंबर दोनदा तपासायची. कोरांटीची माळ पाहून तिने मला थांबवलं. आता फुलं आत न्यायला बंदी आहे असं सांगणार, असं मला वाटलं. तिने मला पाठमोरी वळवलं, निसटायला आलेली माळ सोडली, स्वतःच्या केसांतली एक पिन काढून ती नीट बसवून दिली आणि पुढच्या बाईची बॅग तपासायला लागली. मी तशीच मीटिंगला गेले. त्या दिवशी ग्राहकाचा इंजिनिअर नेहमीसारखाच कडक बोलला. बोलणं रास्तच होतं, त्याच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं होतं. पण मी खाली मान घालून ऐकलं नाही, सरळ बघून उत्तरं दिली. त्यात त्या पिनेचा वाटा होता असं मी मानते.

रविवारी लाइन बंद होती. सकाळच्या पाळीत उरलेला माल तपासून झाल्यावर दुपार मोकळी मिळाली. तांबरमहून समुद्राकडे जाणारी लोकल पकडली. विजेवर चालणारी ही गाडी १९३१ सालापासूनची आहे, आपल्या मुंबईनंतर सहाच वर्षांनी आलेली. मांबलमला उतरून बसने मैलापूरला गेले. कपालीश्वराच्या देवळामागचं मोठं तळं, त्याच्या चारी बाजूंचे जुने रस्ते, पितळी समया, वेताच्या टोपल्या, पूजेच्या सामानाची दुकानं. आणि जागोजागी मैफलींच्या जाहिराती.

मार्गळी हा चेन्नईत गाण्याचा महिना. १९२८ साली म्युझिक अकॅडमी स्थापन झाली, त्या सुमाराला सुरू झालेला हा डिसेंबरचा उत्सव आता गावभर पसरला आहे. वेगवेगळ्या ‘सभां’ची, म्हणजे संगीतसंस्थांची सभागृहं, सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक मैफली. नामवंतांच्या संध्याकाळच्या मैफलींना तिकीट असतं, पण दुपारी नव्या गायकांना ऐकायला बहुतेक ठिकाणी कुणीही जाऊन बसावं. मी तशीच एका सभेत शिरले. आत थोडेच लोक, बहुतेक वयस्कर. कांजीवरम साड्यांतल्या मामी, खांद्यावर उपरणं टाकलेले आजोबा. एसी इतका की मला शाल आणल्याचं समाधान वाटलं. पंचविशीतली एक मुलगी गात होती, साथीला व्हायोलिन आणि मृदंगम.

कर्नाटक संगीत मला कळत नाही. घरात थोडंफार हिंदुस्थानी ऐकलेलं, तेवढंच. तरी कंटाळा आला नाही, कारण ऐकणाऱ्यांकडे पाहत राहण्यातही सुख होतं. जवळपास सगळ्यांचे हात मांडीवर ताल देत होते. थाप, करंगळीपासून बोटं मोजणं, उताणी थाप. मृदंगम एकटाच वाजायला लागला तेव्हा काही जण उठून कँटीनकडे गेले आणि माझ्या शेजारचे आजोबा मात्र पुढे सरकून बसले. समेवर ते आणि मृदंगवाला मुलगा एकाच वेळी हसले. मीही हळूच मांडीवर बोटं मोजायला लागले. माझी कुठेतरी एक मात्रा पुढे पळत होती. आजोबांनी एक शब्द न बोलता आपला हात मला दिसेल असा जरा उंच धरला.

मुख्य कृती संपली आणि शेवटच्या हलक्या रचना सुरू झाल्या. मुलीने टाळ वाजवणाऱ्या मैत्रिणीकडे पाहिलं, लय बदलली आणि तिने तुकोबांचा अभंग धरला.

मी हे कधीच विसरणार नाही. तमिळ वळणाचे उच्चार, ‘ळ’ आणि ‘ल’ इकडचे तिकडे झालेले, पण ‘विठ्ठल’ म्हणताना समोरच्या रांगेतल्या मामी टाळ्यांवर आल्या आणि सभागृहातला सुस्तपणा निघून गेला. इतके दिवस माझी भाषा मी फक्त फोनवर ऐकली होती आणि तिथे ती भाषा म्हणजे ‘किती निघाले, कधी संपणार, का झालं’. आता तीच भाषा व्यासपीठावरून येत होती आणि तिच्यात कुणी मला जाब विचारत नव्हतं. डोळे भरून आले ते मी पुसलेही नाहीत.

आजोबांनी विचारलं, मराठी का? मी हो म्हटल्यावर त्यांनी मला कँटीनमध्ये नेलं. सभांची ही कँटीनं गाण्याइतकीच नावाजलेली आहेत. केळीच्या पानावर जाडसर अडै आणि अवियल आलं. खाता खाता ते इंग्रजीतून सांगत होते. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत तिथे मराठ्यांचं राज्य राहिलं. त्या काळात आणि नंतरही महाराष्ट्रातले कीर्तनकार तिकडे येत राहिले. एकोणिसाव्या शतकात तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी ते कीर्तन आणि तिथलं संगीत एकत्र आणून हरिकथेला घडवलं. भजनमंडळ्यांमध्ये अभंग तेव्हापासून आहेत. ‘आमच्या घरी पंढरपूर पाहिलेलं कुणी नाही,’ ते म्हणाले, ‘पण विठोबाचं भजन माझी आई म्हणायची.’ मग त्यांनी माझी डायरी मागून घेतली. एका पानावर मी तपासलेल्या मालाचे आकडे लिहिले होते. त्याच्या समोरच्या पानावर त्यांनी मघाच्या रागाचं नाव, ताल, आणि खाली पुढच्या आठवड्यात ऐकावं अशा दोन मैफली तारीख, सभागृह, वेळ यांसह लिहून दिल्या. पहिली बुधवारी सकाळची होती, ती शक्यच नव्हती. दुसरी शनिवारी दुपारी दोनची.

तेवढ्यात भोसरीहून फोन आला. नवीन ब्रश बसवून काढलेल्या पहिल्या मालात एकही बर सापडली नव्हती, तो माल रात्रीच्या विमानाने निघत होता. साहेब म्हणाले, सगळं नीट झालं तर शुक्रवारी संध्याकाळची परत यायची तिकिटं काढतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी अशा वेळी नेहमी ‘हो सर’ म्हणून मोकळी झाले आहे. या वेळी मी म्हटलं, ‘सर, काम शुक्रवारी संपलं तरी माझं तिकीट शनिवारी रात्रीचं काढा. मला दुपारी मैलापूरला जायचं आहे.’